भंगारात भाव मिळेल अशी प्लास्टिकची वस्तू कशी घडवायची?

साचेकार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी पॅकेजिंगच्या धंद्यात आहे. बाटल्या, झाकणं, डबे यांची ड्रॉइंग काढायची, साचे करून घ्यायचे, मशीनवर माल नीट पडतोय ना ते बघायचं, हे माझं रोजचं काम. इथे प्लास्टिकचा विषय निघाला की गाडी दोनच ठिकाणी जाऊन थांबते: लोकांना शिस्त नाही आणि बंदी नुसती कागदावर आहे. दोन्ही तक्रारी रास्त आहेत. पण बाटली पुन्हा कामाला येणार की डंपिंगवर जाणार, याचा बराचसा निकाल ती दुकानात यायच्या आधीच आमच्या टेबलावर लागलेला असतो. त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

पाण्याची साधी एक लिटरची बाटली घ्या. अंग पारदर्शक पेटचं (पीईटी, बाटल्यांचं नेहमीचं प्लास्टिक). झाकण एचडीपीईचं (कडक पॉलिथिन). लेबल पॉलिप्रॉपिलीनच्या (पीपी) पातळ फिल्मचं, बाटलीभोवती गुंडाळलेलं, गोंद फक्त दोन टोकांना. ही बाटली ग्राइंडरमध्ये गेली की तिन्हींचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि पाण्याच्या टाकीत पडतात. पाण्याची घनता १ धरली तर पेटची १.३८ च्या आसपास, म्हणून तो तळाला जातो. एचडीपीई आणि पीपी दोन्ही पाण्याहून हलके, ते वर तरंगतात. हाताने काही वेगळं करावं लागत नाही. कोणत्या बाटलीला कोणतं झाकण द्यायचं हे ठरवताना ही टाकी डोळ्यांपुढे ठेवली, तर पुढच्या माणसाचं मोठं काम आपण आधीच करून ठेवलेलं असतं.

आता तिच्या शेजारची बाटली बघा. मानेपासून बुडापर्यंत रंगीत चित्राची, घट्ट बसलेली स्लीव्ह. ही स्लीव्ह पुष्कळदा पीव्हीसीची असते, कारण पीव्हीसी गरम हवेत छान आकसतं आणि स्वस्त पडतं. त्याची घनता १.३ ते १.४. म्हणजे टाकीत तेही पेटबरोबर तळाला! पुढे पेट वितळवायला २७०-२८० अंश लागतात. त्या तापमानाला पीव्हीसी टिकत नाही. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते पेटच्या साखळ्या तोडतं. माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात, ठिसूळपणा येतो. टनभर फ्लेक्समध्ये (बाटलीच्या धुतलेल्या तुकड्यांत) शंभर ग्रॅम पीव्हीसी शिरलं तरी नडतं. बाटलीचं प्लास्टिक दोन्हीकडे तेच, अव्वल दर्जाचं. दुसरी वाया गेली ती अंगावरच्या कपड्यामुळे, आणि तो कपडा आम्ही निवडला होता.

रंगाचंही तसंच. हिरवा पेट पारदर्शक मालात चालत नाही. त्याची गोणी वेगळी, भाव कमी, आणि शेवट बहुधा कापडाच्या धाग्यात नाहीतर पॅकिंगच्या पट्टीत. स्प्राइटने २०२२ मध्ये अमेरिकेत साठ वर्षांहून जुनी हिरवी बाटली सोडून पारदर्शक घेतली, ती याच कारणासाठी. काळा रंग त्याहून वाईट. त्यातलं कार्बन ब्लॅक इन्फ्रारेड किरण गिळतं, त्यामुळे मोठ्या कारखान्यांतल्या सेन्सरला काळा ट्रे दिसतच नाही.

तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी आकडा असतो. तो अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये आणला आणि तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो. ती वस्तू पुढे कुणी विकत घेईल याची हमी त्यात नाही. ती हमी भंगारच्या दुकानातला काटा देतो. ज्या वस्तूला तिथे भाव नाही तिचं डिझाइन अपुरं राहिलं आहे असं मी मानतो. त्याची जबाबदारी वेचणाऱ्यावर ढकलता येत नाही, वापरणाऱ्यावरही नाही.

या साखळीत आणखी कुणी काम करत असाल तर जरूर लिहा.

मृण्मयी_ज

फार छान धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली). एक घरगुती शंका: बाटली टाकताना झाकण काढून टाकायचं की लावून? आमच्या सोसायटीत दोन्ही मतांचे लोक आहेत.

साचेकार

मृण्मयीताई, बाटली रिकामी करून, चेपून, झाकण लावूनच द्या. सुटं झाकण इतकं लहान असतं की ते कुठल्याच गोणीत पोचत नाही, गटारात जातं. टाकीत ते आपसूक वेगळं होतं हे वर लिहिलंच आहे. युरोपात ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या बाटल्यांना झाकण जोडलेलंच असलं पाहिजे असा नियम लागू झाला. त्यासाठी सगळ्यांना झाकणाचे साचे बदलावे लागले. खर्च झाला, पण झाला बदल.

भिवंडीकर

धागा वाचून राहवलं नाही. आमचं भंगारातून पीपी आणि एचडीचा (एचडीपीईचा) दाणा, म्हणजे पुन्हा वितळवायचा कच्चा माल, काढायचं छोटं युनिट आहे. वर सेन्सरचा उल्लेख आला. आमच्याकडे सेन्सर म्हणजे टेबलावर बसणाऱ्या ताई. फिल्म मुठीत चुरगाळली आणि कडक आवाज आला की पीपी, मऊ राहिली की एलडी (मऊ पॉलिथिन). शंका आली तर एक तुकडा पेटवून वास घ्यायचा. मेणबत्तीसारखा वास म्हणजे पॉलिथिन. नाकाला झोंबला की पीव्हीसी, तो बाजूला. हे काम करणाऱ्यांच्या छातीत काय जात असेल याचा विचार डिझाइन करणाऱ्याने करावा अशी कळकळीची विनंती. वस्तूवर जात स्पष्ट छापलेली असती तर तुकडा पेटवावा लागला नसता. बुडाला एवढासा पुसट त्रिकोण, तोही साच्याच्या खुणेत हरवलेला. जरा मोठा आणि ठसठशीत काढायला साच्याला असा काय खर्च येतो?

आता पंपाचं सांगतो. हँडवॉशची बाटली एचडीची किंवा पेटची, माल उत्तम. पण वरच्या पंपात स्टीलची स्प्रिंग आणि एक बारीक गोळी असते, काचेची नाहीतर स्टीलची. ती ग्राइंडरमध्ये गेली तर पात्याला दात पडतात. म्हणून प्रत्येक बाटलीचा पंप हाताने पिळून काढायचा. काही पंप असे बसवतात की ते फिरत राहतात पण निघत नाहीत. मग कोयत्याने मानच तोडायची. मानेबरोबर चांगला मालही जातो आणि बोटंही धोक्यात येतात. धातू नसलेले, सगळे प्लास्टिकचे पंप बाजारात आले आहेत म्हणे. ते सरसकट का वापरत नाहीत?

दुसरं म्हणजे खुर्च्या आणि स्वस्त टब. पीपीत खडूची भुकटी घालून वजन वाढवतात. पंधरा-वीस टक्क्यांच्या पुढे गेलं की पीपी पाण्यात बुडायला लागतो. आमची सगळी पद्धत तरंगण्या-बुडण्यावर. बुडालेला माल आम्ही कचरा म्हणून काढतो आणि त्यात पीपीही जातो.

आणि कागदी लेबलं! प्लास्टिकच्या डब्यावर कागद, तोही पक्क्या गोंदाचा. धुताना त्याचा लगदा होतो, एक्स्ट्रूडरची (प्लास्टिक वितळवून ढकलणाऱ्या मशीनची) जाळी तुंबते, तासातासाला मशीन थांबवून जाळी बदलायची. डबा पीपीचा असेल तर लेबलही पीपीचंच द्या, छापूनच द्या. आम्हाला दोन्ही एकत्र वितळवता येतात.

विदुला

भिवंडीकर, तुमचा प्रतिसाद आमच्या प्रशिक्षणात वाचून दाखवणार आहे. मी पुण्यात कचरा वेचणाऱ्या महिलांबरोबर काम करते. इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे आणि 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करते. मी त्या बायकांच्या बाजूने हिशोब मांडते.

वेचणारीची मजुरी वजनावर. लिटरच्या पन्नासेक बाटल्या गोळा केल्या की किलो भरतो. शांपूच्या रिकाम्या पुड्या किलोभर करायला हजाराच्या वर उचलाव्या लागतात, आणि इतकं करून त्या कुणी घेतच नाही. कारण त्यात तीन-चार थर एकमेकांना चिकटलेले. वेफर्सचं पाकीट, गुटख्याची पुडी, मसाल्याचा सॅशे, सगळ्यांची तीच गत. दिवसभर वाकणारी बाई ते उचलत नाही म्हणून तिला दोष कसा देणार?

उलट दुधाची पिशवी बघा. ती सबंध पॉलिथिन घराण्याची, लॅमिनेशन नाही, छपाई पातळ. भंगारच्या दुकानात तिचा वेगळा ढीग असतो आणि भाव चांगला मिळतो. म्हणून ती रस्त्यावर फार पडलेली दिसत नाही. रस्त्यावर दिसतो तो तिचा कापलेला कोपरा. तो नखाएवढा तुकडा परत कधीच मिळत नाही. घरोघरी एकच सांगते: चीर द्या, कोपरा पूर्ण तोडू नका, आणि पिशवी पाण्याने विसळून ठेवा. आंबट वास येणाऱ्या पिशव्या हातात घेऊन वाळवायचं काम कुणाला तरी करावं लागतं.

जाडीचंही असंच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर महाराष्ट्राने ५० मायक्रॉनखालच्या पिशव्या बंद केल्या होत्या. आता देशभर ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरीबॅग किमान १२० मायक्रॉनची हवी. जाड पिशवीत प्लास्टिक जास्त जातं हे खरं, पण ती पुन्हा वापरली जाते आणि उचलायलाही परवडते. अंमलबजावणी मंडईत जाऊन बघा म्हणजे कळेल, त्यावर वेगळा धागा होईल.

अण्णा_सोलापूर

सगळ्यांचे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण मला एक खटकतं. पुनर्चक्रीकरणाची ही एवढी चर्चा उत्पादकांच्या पथ्यावर पडते. "आमची बाटली रीसायकल होते" म्हटलं की दुप्पट बाटल्या विकायला मोकळे. मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, रिकामी बाटली परत जायची. सोडावॉटरची बाटली तशीच. तेल आपण किटली घेऊन आणायचो. मूळ प्रश्न वस्तू कमी करण्याचा आहे. पुड्याच बंद करा, मग त्यांच्या थरांची चिंता कशाला?

साचेकार

अण्णा, तुमच्या मुद्द्याशी माझं भांडण नाही. क्रम तोच असावा: आधी गरजच कमी, मग तीच वस्तू पुन्हा भरून वापरणं, आणि उरलेल्याचं रीसायकलिंग. हँडवॉशची बाटली एकदा घेऊन वर्षभर भरत राहिली, तर भिवंडीकरांना पंप कमी पिळावे लागतील. पण पुन्हा भरायची बाटली जाड, मजबूत आणि रुंद तोंडाची असावी लागते, आतून ब्रश फिरला पाहिजे. म्हणजे तिथेही डिझाइन आलंच. काचेची बाटली जवळच्या जवळ परत फिरत असेल तर उत्तम. एकदाच वापरून टाकायची असेल तर तिचं वजन आणि भट्टीचं इंधन पाहता ती प्लास्टिकहून हलका बोजा टाकते असं नाही.

पुड्यांबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण "एवढे थर घालताच कशाला" हा प्रश्न मला नातेवाईकही विचारतात. पुडी भरणाऱ्या मशीनवर दोन तापलेले जबडे फिल्मला दाबून चिकटवतात. आतला थर पटकन वितळला पाहिजे, म्हणून तो पॉलिथिन. बाहेरचा थर जबड्याला चिकटता कामा नये, म्हणून जास्त उष्णता सोसणारा पेट. मधला थर हवा आणि ओल अडवायला, म्हणून ॲल्युमिनियम किंवा धातूचा मुलामा. प्रत्येक थराला काम आहे, नुसता दिखावा नाही. घोटाळा असा की पेट आणि पॉलिथिन वितळून एकमेकांत मिसळत नाहीत.

यावर तोडगा निघाला आहे. बाहेरचा थरही पॉलिथिनचाच घ्यायचा, पण फिल्म करतानाच तो एका दिशेने ताणायचा. त्याने तो ताठ होतो आणि उष्णता थोडी जास्त सोसतो. सगळी पुडी एकाच घराण्याची झाली. अडचण एवढीच की आतला थर चिकटण्याचं तापमान आणि बाहेरचा थर खराब होण्याचं तापमान यांत फरक कमी उरतो. जबडे जरा जास्त तापले की फिल्म सुरकुतते, कमी तापले की पुडी गळते. मशीनचा वेग उतरवावा लागतो. कारखान्याचा मॅनेजर नाही म्हणतो तो या वेगासाठी. तंत्र हाताशी आहे, मिनिटाला थोड्या पुड्या कमी निघतील हे सोसायची तयारी कमी पडते. मला याचा मनापासून राग येतो.

त्या रागाला आता कायद्याची थोडी साथ आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची (माल विकल्यावर उरणाऱ्या पॅकेजिंगचीही जबाबदारी) तत्त्वं काढली. त्यांत कडक पॅकेजिंगमध्ये रीसायकल केलेलं प्लास्टिक वापरण्याचं लक्ष्य २०२५-२६ साठी ३० टक्के ठेवलं आणि ते २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. आता कंपनीला स्वतःलाच स्वच्छ दाणा विकत घ्यायचा आहे. बाजारात रंगीबेरंगी, स्लीव्ह घातलेला माल सोडला तर परत येणारा दाणाही तसाच येणार, हे खरेदी खात्याला समजायला लागलं की ते आमच्या टेबलापर्यंत पोचतं.

तेजस_पॉलिमर

साचेकारांनी अडचण नेमकी सांगितली. एक चांगलं उदाहरण जोडतो: टूथपेस्टची ट्यूब. वर्षानुवर्षं ती पॉलिथिनमध्ये ॲल्युमिनियमचा पापुद्रा घालून केलेली असायची, त्यामुळे तिचं पुढे काहीच होत नसे. एचडीपीई हा बाटलीचा कडक माल, त्याची दाबता येईल अशी मऊ ट्यूब होत नाही असं सगळे धरून चालले होते. कोलगेटने एचडीपीईच्या वेगवेगळ्या ग्रेड थरांमध्ये मिसळून ती केली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक रीसायकल करणाऱ्यांच्या संघटनेने तिला मान्यता दिली. कंपनीने ते तंत्र इतर कंपन्यांनाही खुलं केलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आपल्या मुंबईच्या एस्सेल प्रोपॅकने, म्हणजे आताच्या ईपीएलने, 'प्लॅटिना' ट्यूबला तशीच मान्यता मिळवली. त्यांचा एक कारखाना आपल्या वाशिंदला आहे.

टूथब्रशकडे मात्र फारसं कुणी वळलेलं नाही. दांडा पीपीचा, पकडीला रबरासारखा टीपीई वरून ओतलेला, केस नायलॉनचे, आणि केसांचा प्रत्येक झुपका आत रोवायला धातूची बारीक पट्टी. चार पदार्थ, एकही सुटा होत नाही. डोकं बदलता येईल असा दांडा केला तर टाकायचा भाग अगदी छोटा उरेल.

रानपाखरू

मग बायोप्लास्टिकच वापरावं ना सगळीकडे? मक्यापासून करतात ते. आपोआप कुजतं.

तेजस_पॉलिमर

रानपाखरू, ते आपोआप कुजत नाही. तुम्ही म्हणता ते मक्याचं प्लास्टिक, म्हणजे पीएलए, कुजायला साधारण ५८ अंशांवर चालणारं मोठं खत केंद्र लागतं, रस्त्याकडेला नाहीतर खाडीत ते तसंच पडून राहतं. शिवाय दिसायला ते हुबेहूब पेटसारखं. घनता १.२४, म्हणून टाकीत तेही पेटबरोबर तळाला. पुढे पेट वाळवायच्या तापमानाला ते चिकट होऊन गोळे धरतं. ओल्या कचऱ्याबरोबर जाणाऱ्या पिशवीला, तेही जवळ खत केंद्र असेल तर, त्याचा उपयोग आहे. बाटलीला नाही.

ओसाकावासी

इथे जपानमध्ये साचेकार म्हणतात ते जवळपास सगळं झालेलं दिसतं. पेट बाटल्या करणाऱ्यांनी १९९२ मध्ये आपापसांत डिझाइनचे नियम ठरवले आणि २००१ पासून रंगीत बाटल्याच बंद केल्या. चहा, सोडा, सोया सॉस, बाटली पारदर्शकच. रंग हवा तर लेबलात आणा. स्लीव्ह असते, पण तिला उभी टिपक्यांची रेघ असते. नखाने धरून ओढली की एका झटक्यात निघते. लेबल आणि झाकण काढून, बाटली विसळून द्यायची पद्धत आहे. सात-आठ वर्षांची मुलंही हे सराईतपणे करतात. बाटल्या परत वापरात येण्याचं प्रमाण पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास आहे.

अण्णांचा मुद्दा इथेही लागू पडतो. बिस्किटाच्या पुड्यात प्रत्येक बिस्किट वेगळं गुंडाळलेलं. बाटली सुधारली, बाकीचा सोस तसाच.

गणेश_सावंतवाडी

मी कोकम सरबत आणि आगळाचा छोटा व्यवसाय करतो. नवीन बाटली निवडायची आहे आणि हा धागा योग्य वेळी सापडला. पुरवठादाराने गडद लाल बाटली आणि पूर्ण स्लीव्ह दाखवली आहे, म्हणतो "शेल्फवर उठून दिसेल". साचेकार, तुम्ही काय सुचवाल? माझी ऑर्डर लहान आहे, स्वतंत्र साचा परवडणार नाही.

साचेकार

गणेशराव, स्वतंत्र साचा लागणारच नाही. बाजारात तयार मिळणारी पारदर्शक पेट बाटली घ्या. कोकमाचा रंग स्वतःच इतका देखणा आहे की लाल बाटलीत तो उलट लपेल. उन्हाने रंग उतरण्याची भीती असेल तर बाहेरच्या खोक्याने झाका. झाकण एचडीपीई किंवा पीपीचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको. लेबल पीपी फिल्मचं, गुंडाळलेलं. चिकटवायचंच असेल तर पुरवठादाराला "धुताना सुटणारा गोंद" असं स्पष्ट सांगा. रीसायकलिंगवाले कॉस्टिक सोड्याच्या ८०-८५ अंशांच्या पाण्यात धुतात, तेव्हा तो सुटला पाहिजे.

एक गोष्ट नक्की तपासा: सरबत गरम भरता की थंड? साधा पेट सत्तर अंशांच्या पुढे आकार सोडतो. गरम भरत असाल तर काच घ्या किंवा गरम भरण्यासाठीची खास पेट बाटली मागा.

गणेश_सावंतवाडी

थंड भरतो. पुरवठादाराशी बोललो. पारदर्शक बाटली आणि पीपी लेबल त्याच्याकडे तयार आहे, स्लीव्हपेक्षा स्वस्तच पडतंय. गोंदाबद्दल मात्र तो नीट सांगत नाही, "सगळे हाच वापरतात" एवढंच म्हणतो. घरी तपासायचा काही मार्ग आहे का?

भिवंडीकर

मी सांगतो. कॉस्टिकच्या भानगडीत घरी पडू नका, हात भाजेल. लेबलासकट बाटलीचे दोन बोटं रुंद तुकडे कापा. पातेल्यात उकळीच्या जरा खालचं पाणी घ्या, त्यात धुण्याचा सोडा टाका आणि दहा-पंधरा मिनिटं पळीने हलवत राहा. लेबल सुटून वर आलं आणि पेटवर बोट फिरवल्यावर चिकट लागलं नाही, तर बिनधास्त ऑर्डर द्या. चिकट राहिलं तर दुसरा गोंद मागा. तरीही शंका राहिली तर दहा-वीस बाटल्या माझ्याकडे पाठवा. पेटचं काम मी करत नाही, पण शेजारच्या गाळ्यात हॉट वॉशची (गरम कॉस्टिकमध्ये धुण्याची) लाइन आहे, त्यात टाकून कळवतो.